संशय असेल तिथे कमीचा दर

४ फेब्रुवारी

मावशी,

फोन करणार होते. पण तुझ्या स्वयंपाकघरातल्या त्या मोठ्या पंख्यापुढे मी ओरडते, तू ओरडतेस आणि शेवटी दोघी "बरं बरं" म्हणून ठेवून देतो. म्हणून हे पत्र.

आई म्हणाली, तू हल्ली फार चिडचिड करतेस, आणि काय झालं विचारलं की "एप्रिल येऊ दे" एवढंच म्हणतेस. एप्रिलमध्ये हॉस्पिटल तुझ्या कँटीनच्या ताटाचा दर वाढवणार, आणि तो वाढवणार आमच्या कार्यालयाच्या महागाईच्या आकड्याइतकाच. त्या आकड्यासाठी बाजारातून दर टिपून आणणारी मी. म्हणजे तू वाट बघतेस ती माझीच.

म्हणून आधीच हात जोडून सांगते, आकडा जाहीर होण्याआधी मला काही विचारू नकोस. तू विचारणार नाहीसच, तरी सांगते. नोकरीला लागले त्याच दिवशी मी साहेबांना सांगितलं होतं, की माझ्या मावशीचं कँटीन या आकड्यावर चालतं, मला दुसरं काम द्या. ते हसले. म्हणाले, "अहो, या जिल्ह्यात कुणाची ना कुणाची मावशी चुलीपाशी उभी आहेच. जा, दर आणा." लिहून काही घेतलं नाही. तेव्हापासून मीच माझ्यावर पाळत ठेवते.

कशी, ते सांगते, म्हणजे तुझाही जीव शांत होईल. दुकानाबाहेर दरांचा फळा लावायची सक्ती आहे. फळ्यावर एक दर असतो, दुकानदाराच्या तोंडात दुसरा. तेलवाली तर मला बघितलं की ओरडते, "आली बघा सरकारची सून! काय लिहिणार गं, फळ्यावरचा की तोंडावरचा?" डाळवाला म्हणतो, "लिहा ताई, वाट्टेल तो लिहा, विकायचा तो मी विकणारच." ते थट्टा करतात की खरं बोलतात, मला कळत नाही. नियम म्हणतो, गिऱ्हाईकाला ज्या दराने माल मिळतो तो दर लिहा. पण मी काही तिथे गिऱ्हाईक नसते. मग मी ठरवून टाकलं आहे, संशय असेल तिथे कमीचा दर लिहायचा. उद्या कुणी बोट दाखवलं, की हिने मावशीसाठी दर चढवले, तर माझ्याकडे उत्तर आहे.

पाय धड नव्हता म्हणून नऊ वर्षांची होईपर्यंत मी शाळेत गेले नाही, तुझ्या ओट्यावर बसून वजनं मांडत बेरीज शिकले. तेव्हा तू सांगायचीस, आपल्यासाठी तोलताना काटा आपल्याकडे झुकू द्यायचा नाही. ते मी विसरलेले नाही, एवढंच तुला कळावं.

तुझी
ठमी

१३ फेब्रुवारी

ठमे,

मी विचारणार नाही. तुझ्या आईला सांग, मी चिडत नाही, माझा आवाजच तसा आहे.

इकडे सगळं ठीक. पेशंटचे नातेवाईक येतात, वॉर्डबॉय येतात, रात्रपाळीच्या नर्सेस सकाळी डोळे चोळत येतात आणि चहाबरोबर मला शिव्या घालतात, कारण बुधवारची अंडी मी बंद केली. म्हटलं, कोंबड्या संपावर गेल्यात. त्यातली ठेंगणी नर्स म्हणाली, "मावशी, कोंबड्या नाही, तुम्ही संपावर गेलात." सगळ्या हसल्या, मीही हसले.

मोठा फ्रिज दुरुस्तीला दिला आहे, म्हणून भाजी रोजची रोज आणावी लागते. तेवढी दगदग वाढली. बाकी चौघी जणी कामाला आहेत त्या आहेतच. एकीला मध्ये म्हटलं, थोडे दिवस घरी राहतेस का? ती म्हणाली, घरी कोण जेवायला घालणार? मग कामावरच राहिली.

तुझं पत्र दोनदा वाचलं. ती तेलवाली तोंडाने सांगते तो दर फळ्याहून किती जास्त असतो गं? की राहू दे. सांगू नकोस. विचारणार नाही म्हटलं आणि विचारलंच, हे खोडून टाकत नाही, तुला दिसू दे.

एप्रिलपर्यंत तग धरायचा. मग बघू.

मावशी

२ एप्रिल

मावशी,

आकडा काल जाहीर झाला. तुला हॉस्पिटलच्या कचेरीतून कळलाच असेल. साडेतीन टक्के. म्हणजे ताटामागे तुला जे वाढवून मिळेल त्यात बहुतेक एक लिंबू येईल, तेही अर्धं.

तू काही बोलायच्या आधी मी सांगते, की तीन गावांत दर टिपणाऱ्या आम्हा तिघांच्या कागदांत सगळ्यात जास्त वजन आमच्या बाजाराला असतं, कारण तो मोठा. म्हणजे त्या आकड्यात माझा हात मोठा आहे. मी सगळे कागद परत काढून बघितले. एकही दर मी मनाने लिहिलेला नाही. प्रत्येक दर कुठल्या तरी फळ्यावर होता. तरी मला काल जेवण गेलं नाही. मी स्वतः खोलीवर डाळ शिजवते, मला कळत नाही का? मागच्या वर्षी मी आठवड्याला जेवढी डाळ आणायचे तेवढी आता आणत नाही. पण माझ्या पिशवीवरून जिल्ह्याचा आकडा काढता येत नाही, असं साहेब म्हणतात, आणि ते बरोबरच आहे.

तू रागावली असशील तर रागाव. पण मी लबाडी केली नाही.

ठमी

९ एप्रिल

ठमे,

लबाडी केलीस असं कोण म्हणालं? माझ्यासाठी तू काडीची लबाडी केली नाहीस. तेच तर झालं आहे.

तुझं फेब्रुवारीचं पत्र माझ्या डब्यात होतं. साडेतीन टक्के ऐकून मी ते पुन्हा काढलं आणि भाजी चिरता चिरता चौघींना मोठ्याने वाचून दाखवलं. मला वाटलं, कौतुक करतील पोरीचं. चहा करते ती म्हणाली, "पण मावशी, कमीचाच का? संशय आहे तर जास्तीचाही खरा असू शकतो ना." मी विळी खाली ठेवली.

मला एकाच प्रश्नाचं उत्तर दे. मी नसते, तुला मावशीच नसती, किंवा असती आणि ती शिवणकाम करत असती, तर त्या तेलवालीपुढे उभी राहून तू कुठला दर लिहिला असतास?

तू मला टाळायला गेलीस आणि प्रत्येक ओळीत मलाच धरून बसलीस. दर बाजाराचा लिहायचा होता, तू माझ्यापासून किती लांब उभी आहेस ते लिहिलंस. वर्षभर! काटा आपल्याकडे झुकू द्यायचा नाही असं मी शिकवलं. पलीकडे झुकवायचा असं कधी शिकवलं गं? तोही झुकलेलाच काटा. आणि पलीकडच्या पारड्यात मी एकटी नव्हते. तुझ्या आकड्यावर आणखी कुणाकुणाचे पगार, पेन्शनी ठरत असतील, त्यांना तुझी मावशी कोण हेही ठाऊक नाही.

आता खरं सांगते. फ्रिज दुरुस्तीला गेलेला नाही, विकला. थंडीत विकला. तेल, डाळ, कांदे, पीठ, गॅस, यातलं काय साडेतीन टक्क्यांनी वाढलं ते मला दाखव, मी तिथूनच आणते. फोडणीत मी आता थेंब मोजते. तू भाचीसारखी घाबरशील म्हणून गप्प होते, आणि तू कामात गुंतू नयेस म्हणूनही. बघ, मीही तुझ्यासारखीच शहाणी.

याच दरात पुढचं वर्ष चालवणार की सोडणार, हे हॉस्पिटलला मे संपायच्या आत लिहून द्यायचं आहे. बावीस वर्षं झाली इथे. मला सोडायचं नाही. हे तुला सांगून टाकलं, म्हणजे पुन्हा अंदाज बांधत बसायला नको.

मावशी

६ मे

मावशी,

उत्तर द्यायला उशीर झाला. आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर : तोंडावरचा. तू नसतीस तर मी तोंडावरचा लिहिला असता, कारण लोक त्याच दराने घेत होते आणि मी ते बघत होते.

तुझं पत्र वाचून मी पुढच्या खेपेला फायली खोलीवर ठेवल्या आणि पिशवी घेऊन गेले. तेलवालीला म्हटलं, एक लिटर दे. ती माझ्याकडे बघतच राहिली. "आज घेणार? खरंच? मग थांब, घेणारीचा दर वेगळा." मी म्हटलं, फळ्यावर लिहिलंय तो? "तो फळ्याचा दर आहे बाई. त्या दरात फळाच घेऊन जा." मागच्या बायका खो खो हसल्या. मी पैसे दिले. डाळवाल्याकडे, कांद्याकडे, पिठाकडे, सगळीकडे तेच. कुणी फसवत नव्हतं, मावशी. मला वर्षभर सगळे खरंच सांगत होते आणि मी ते थट्टेत काढत होते.

ते दर लिहून मी साहेबांसमोर ठेवले आणि सगळं सांगितलं, की मागचं वर्ष माझ्यामुळे कमी दिसतंय, ते दुरुस्त करा. साहेबांनी दार लोटून घेतलं. म्हणाले, "एकदम चढलं की वरून विचारणा येते. उतरलं तर कुणी विचारत नाही. तुम्ही असं करा, दर महिन्याला थोडं थोडं वर आणा. दोन वर्षांत जागेवर येईल." मी म्हटलं, दोन वर्षं लोकांनी काय खायचं? ते म्हणाले, "लोक खातातच आहेत की."

मावशी, मला तिथे रडू आलं आणि त्याची फार लाज वाटली, कारण रडणाऱ्या बाईचं कुणी आकड्याच्या बाबतीत ऐकत नाही.

मग मी मुख्य कार्यालयाला लिहिलं. सगळं लिहिलं. कँटीन तुझं, नातं कोणतं, मी कमीचे दर का निवडले, कुठल्या बाजारात, आणि आता गिऱ्हाईक होऊन गेले तर काय मिळालं. पाठवायच्या आधी चार वेळा वाचलं, की यात तुझ्या फायद्याचा एखादा शब्द जास्तीचा पडला का. मग तुझं पत्र आठवलं आणि पाचव्यांदा न वाचता टपालात टाकलं.

मे संपायच्या आत ते काही करतील. करायलाच हवं. तू एवढ्यात काही लिहून देऊ नकोस.

ठमी

८ जून

ठमे,

३१ मेला लिहून दिलं. सोडलं.

तुझ्या मुख्य कार्यालयाची मी शेवटच्या दिवशी कचेरी बंद होईपर्यंत वाट बघितली. कारकून म्हणाला, "मावशी, आता द्या तो कागद, मला बस आहे." दिला.

माझ्या जागी आला आहे तो गोड बोलतो, चौघी त्याला साखऱ्या म्हणतात. साडेतीन टक्क्यांत आनंदाने चालवीन म्हणाला. कसं, ते पहिल्याच दिवशी कळलं. येताना स्वतःची पळी घेऊन आला. माझी पळी उचलून बघितली, म्हणाला, "बाई, ही पळी आहे की बादली?" आणि ती मला परत दिली. भातालाही वाटी आणली आहे, कडा जाड आणि पोट लहान. ताटात सगळं दिसतं, पोटात काही जात नाही. करारात ताटाचा दर लिहिला आहे, पळी लिहिलेली नाही. बावीस वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नाही, आणि आलं असतं तरी, ठमे, ज्या माणसाची बायको वरच्या मजल्यावर ऑपरेशनला नेली आहे त्याच्या ताटात ती लहान पळी रिकामी करायला माझा हात उठला नसता.

चौघींतल्या दोघींना त्याने ठेवलं. चहावाली राहिली नाही. मी पंधरा तारखेपासून मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लागते. पगार आहे, वरचा ताप नाही. सकाळी मुली "काकू, काकू" करतील, मला मावशी म्हणवून घ्यायची सवय आहे, होईल काकूचीही.

तू भेटायला येऊ नकोस एवढ्यात. रागावले म्हणून नाही. घरात मोठी पातेली आणून टाकली आहेत, बसायला जागा नाही आणि ती बघून तू रडशील.

मावशी

१५ जून

मावशी,

मुख्य कार्यालयाचं उत्तर काल आलं. तुझा कागद गेल्यावर.

जाहीर झालेला आकडा अंतिम आहे, तो बदलत नाही. आणि माझं नातं कँटीन चालवणाऱ्या व्यक्तीशी असल्याचं मी स्वतःच कबूल केल्यामुळे मला बाजाराच्या कामावरून काढून कार्यालयात तपासणीला बसवलं आहे. म्हणजे पत्रातलं नातं तेवढं त्यांनी खरं धरलं, दर धरले नाहीत. साहेब म्हणाले, "मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो, यात नातं नको." त्यांना खरंच तसं आठवत होतं.

आता नातंही उरलं नाही, कँटीन साखऱ्याचं. मी हे साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, आता हुकूम निघाला.

मला काय वाटतं ते लिहीत नाही. लिहिलं की सुबक होतं, आणि ते सुबक नाही.

ठमी

१० सप्टेंबर

मावशी,

वसतिगृहातल्या मुलींनी तुला भाजीत मीठ जास्त झालं म्हणून चिठ्ठी लिहिली, हे आईकडून कळलं. आणि तू त्या चिठ्ठीतल्या शुद्धलेखनाच्या चुका काढून परत पाठवलीस हेही.

एक घडलं आहे, ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मी सांगते.

माझ्या जागी बाजाराला नवीन बाई आल्या आहेत. दोन मुलांच्या आई, खमक्या. त्यांना काम समजावून द्यायला साहेबांनी मलाच सांगितलं, दुसरं कुणाला येत नाही म्हणून. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "दोन दर सांगितले तर कुठला लिहू?" मी म्हटलं, पिशवी घेऊन जा. घरचा बाजार तिथूनच करा आणि मोजून द्याल तो लिहा. त्या म्हणाल्या, "एवढंच? ते तर मी करतेच."

त्यांचे तीन महिन्यांचे कागद जमा झाले. सहा महिन्यांचा आकडा एकदम चौदा टक्क्यांवर गेला. मला वाटलं, साहेब फेकून देतील. त्यांनी फक्त विचारलं, "या बाईंचं कुणी कँटीनवालं नाही ना?" नाही म्हटलं. "मग वरून विचारलं तर सांगता येईल," म्हणाले आणि माझ्याकडे तपासायला टाकले.

तुझ्या जुन्या कराराची प्रत आमच्याकडे आहे, आकडा वापरणाऱ्या सगळ्यांची असते. त्यात कलम आहे, सहामाहीत आकडा दहा टक्क्यांवर गेला तर ताटाचा दर मध्येच वाढवून मिळतो. तोच करार पुढे चालू आहे, म्हणजे साखऱ्याला मिळणार. त्याच्या पळीसकट.

मावशी, कागद माझ्या टेबलावर दोन दिवस पडून होते. मी एकेक ओळ तपासत होते आणि खरं सांगायचं तर चूक शोधत होते. एक सापडावी, एखाद्या दरावर शंका घेता यावी, म्हणजे परत पाठवता येतील, आकडा पुढच्या सहामाहीत जाईल. नवव्या पानावर एका तेलाच्या दराशी दोन आकडे होते, एक खोडलेला. माझ्या हातात पेन होतं. माझ्या डोळ्यांपुढे त्याची ती जाड कडांची वाटी होती.

मग तुझाच प्रश्न मी मला विचारला, फक्त उलटा. साखऱ्या नसता, तिथे कुणीच माझं चांगलं वाईट केलेलं माणूस नसतं, तर मी काय केलं असतं? त्या बाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, "आधी फळा बघून लिहिला, मग पैसे देताना खोडला." मी सही केली.

आकडा एक तारखेला जाहीर होतो आहे. जे तुला मिळायला हवं होतं ते माझ्या सहीने त्याला मिळेल. माझं बरोबर झालं का, ते सांग. आईला विचारलं तर ती म्हणते, मावशीला विचार.

ठमी

६ ऑक्टोबर

ठमे,

आकडा झाला जाहीर. साखऱ्याने माझ्याकडे मिठाईचा पुडा पाठवला, काय म्हणून, तर "बावीस वर्षांच्या आशीर्वादाबद्दल." मी तो वसतिगृहाच्या मुलींना वाटून टाकला. त्यांनी कारण विचारलं, मी म्हटलं, महागाई वाढली, खा.

ताटाचा दर वाढला. पळी तीच. काल मुद्दाम कँटीनमध्ये जाऊन गिऱ्हाईकासारखी जेवून आले. ठेंगणी नर्स समोर येऊन बसली, म्हणाली, "मावशी, तुम्ही परत या ना." मी म्हटलं, कशी येऊ, करार आता त्याचा. शेजारच्या टेबलावर एक म्हातारा ताट पुसून घेत होता, बोटाने, कडेपर्यंत. त्याला मी माझा भात दिला आणि उठले. तिथून वसतिगृहापर्यंत मी तुला मनात काय काय बोलले ते लिहीत नाही. त्या साहेबाला, त्या मुख्य कार्यालयाला, त्या कलमाला, सगळ्यांना बोलले, पण सगळ्यात जास्त तुला, कारण तूच एक ऐकणारी आहेस.

विचारलंस म्हणून सांगते. सही केलीस ते बरोबर केलंस. त्या आकड्यावर साखऱ्या एकटा जेवत नाही. आणि दुसरं काही केलं असतंस तर तू आल्यावर मी दार उघडलं असतं, पण बस म्हटलं नसतं.

दिवाणखान्यातली पातेली विकली. आता बसायला जागा आहे, ये.

पण आल्यावर मी पाठीवरून हात फिरवून शाबास म्हणावं, अशी आशा ठेवून येऊ नकोस. म्हणेन कधीतरी. सध्या माझ्याकडे ती शाबासकी नाही.

मावशी